मिलेनियम मालिका एवढी खपली, ती नेमकी कशामुळे?

पानगळ (धागाकर्ता)

स्टीग लार्सन या स्वीडिश लेखकाच्या 'मिलेनियम' मालिकेतल्या पहिल्या तीन कादंबऱ्या मी गेल्या महिन्यात दुसऱ्यांदा वाचून संपवल्या. पहिले वाचन २०१० सालचे. त्या वर्षी माझ्या रोजच्या लोकलच्या डब्यात ही जाडजूड पुस्तके हमखास कुणाच्या तरी हातात दिसत, आणि मीही त्याच भरात तिन्ही भाग जागरणे करून उरकले होते. या वेळी सावकाश वाचले आणि वाचताना एकच प्रश्न पुन्हापुन्हा मनात येत राहिला: लेखनात एवढे दोष असूनही ही पुस्तके एवढी का खपली? खाली कथानकातली रहस्ये उघड होतील, तेव्हा ज्यांना कादंबऱ्या वाचायच्या आहेत त्यांनी इथेच थांबावे.

पहिल्या कादंबरीची प्रस्तावना उत्तम आहे, हे आधी मान्य करतो. हेन्रिक वांगर या ब्याऐंशी वर्षांच्या उद्योगपतीला दरवर्षी वाढदिवसाला टपालाने चौकटीत बसवलेले एक वाळवलेले फूल येते, आणि तो एका निवृत्त पोलीस अधिकाऱ्याला फोन करून फूल आल्याचे कळवतो. दोघा म्हाताऱ्यांचे ते चार वाक्यांचे बोलणे वाचताना आजही अंगावर काटा येतो. पण पुढे काय होते? मिकाएल ब्लूमक्विस्ट हा पत्रकार अब्रुनुकसानीच्या खटल्यात दोषी ठरतो, आणि मग आर्थिक घोटाळ्याची दीर्घ हकिगत, वांगर घराण्याची वंशावळ, कोणता भाऊ कोणत्या भावाशी बोलत नाही याचा तपशील असा मजकूर शेकडो पाने चालतो. १९६६ साली बेपत्ता झालेल्या, वांगर घराण्यातल्या हॅरिएटचा शोध खऱ्या अर्थाने सुरू व्हायला वाचकाला फार वाट पाहावी लागते.

तपशिलाचा हव्यास तर विचारूच नये. लोक सतत कॉफी करतात आणि सँडविच खातात. दुसऱ्या भागात मालिकेची नायिका लिस्बेथ सलांडर आयकियाच्या दुकानातून काय काय आणते याची यादी येते, ती एखाद्या पावतीसारखी लांबत जाते. पहिल्या भागात ती कोणता संगणक घेणार आहे हे सांगताना १ गिगाहर्ट्झ, ९६० एमबी रॅम, ६० जीबी हार्ड डिस्क अशी जंत्रीच दिलेली आहे. ब्लूमक्विस्टला भेटणारी जवळपास प्रत्येक स्त्री त्याच्याकडे ओढली जाते, आणि पात्रे एकमेकांशी बोलतात ती वर्तमानपत्रातल्या लेखासारखी.

तरीही २०१५ पर्यंत या तीन पुस्तकांच्या सुमारे आठ कोटी प्रती खपल्या होत्या, आणि २०१० साली किंडलवर दहा लाख ई-पुस्तकांचा टप्पा ओलांडणारे लार्सन हे पहिले लेखक ठरले. याची जी कारणे नेहमी सांगितली जातात ती मला पटत नाहीत. पहिले कारण म्हणजे लेखकाचा मृत्यू. ९ नोव्हेंबर २००४ रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, लिफ्ट बंद असल्यामुळे कार्यालयाचे जिने चढून गेल्यावर लार्सन हृदयविकाराने गेले, आणि पहिली कादंबरी २००५ मध्ये आली. ही हकिगत चटका लावणारी आहे. पण मृत्यूची हकिगत फार तर पहिले पुस्तक विकत घ्यायला लावील. तिसऱ्या पुस्तकाच्या शेवटच्या पानापर्यंत वाचकाला कोण घेऊन जाते? दुसरे कारण जाहिरात. ते कालक्रमाशी जुळत नाही. मालिका आधी स्वीडनमध्ये गाजली, २००६ पासून फ्रान्समध्ये गाजली, आणि इंग्रजी अनुवाद आला तो जानेवारी २००८ मध्ये. अमेरिकी बाजारपेठेचा जोर मागे लागायच्या आधीच लोक ही पुस्तके एकमेकांच्या हातात देत होते.

तिसरे कारण सामाजिक आशय. पण माय श्योवाल आणि पेर वालो या लेखकजोडीने १९६५ ते १९७५ या काळात मार्टिन बेक या पोलीस अधिकाऱ्यावरच्या दहा कादंबऱ्यांत स्वीडिश समाजाची चिरफाड केलीच होती, आणि तीही कितीतरी आटोपशीर लेखणीने. मग आठ कोटींचा आकडा लार्सन यांच्याच वाट्याला का यावा? मला खरोखर उत्तर हवे आहे. ज्यांनी तिन्ही भाग वाचले आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

इंद्रायणीकाठ

आपण दोष म्हणून ज्या गोष्टी दाखवल्या त्यांतल्या निम्म्या मला मान्य आहेत, परंतु रहस्यकथा म्हणून पहिल्या भागाची बांधणी आपण समजता तितकी सैल नाही. हॅरिएट नाहीशी झाली त्या दिवशी वांगर कुटुंबाच्या बेटाला जोडणाऱ्या एकमेव पुलावर टँकरचा अपघात झाला होता, त्यामुळे बेटावरून कुणी बाहेर जाऊ शकत नव्हते आणि कुणी आत येऊ शकत नव्हते. ही बंद खोलीतल्या खुनाची जुनी युक्ती आहे, फक्त खोलीच्या जागी अख्खे बेट आहे. ब्लूमक्विस्ट त्या दिवशीची जुनी छायाचित्रे एकामागून एक लावून हॅरिएट कोणाकडे पाहून दचकली हे शोधतो, तो भाग मी तरी श्वास रोखून वाचला. बाबुराव अर्नाळकरांची पुस्तके वाचनालयातून आणून एका बैठकीत संपवणाऱ्या पिढीतला मी आहे. हजारावर पुस्तके लिहिणाऱ्या अर्नाळकरांना पक्के ठाऊक होते की वाचकाला एक साधा प्रश्न द्यावा आणि त्याचे उत्तर अडवून धरावे. फूल कोण पाठवते, हा तसा प्रश्न आहे.

भाषेच्या रुक्षपणाबद्दल मात्र थोडे सबुरीने घ्यावे. आपण आणि मी वाचला तो इंग्रजी अनुवाद मुळात चित्रपटवाल्यांच्या गरजेपोटी घाईत झालेला होता. त्यावर प्रकाशकाने पुढे एवढे संस्करण केले, की अनुवादक स्टीव्हन मरे यांनी स्वतःचे नाव काढून टोपणनाव घातले. लार्सन यांना थेट दोष देताना मधे किती हात फिरले आहेत, हे ध्यानात घ्यायला हवे.

तिसऱ्या भागात गुप्त पोलिसांच्या इतिहासाची जी लांबण लावली आहे तिचे समर्थन मात्र मी करणार नाही.

सोडरमाल्मकर

मी गेली काही वर्षे स्टॉकहोममध्ये राहते, म्हणून इथल्या बाजूने लिहिते. ब्लूमक्विस्टचे घर बेलमान्सगातानवर आहे, त्याच्या 'मिलेनियम' मासिकाचे कार्यालय योतगातानवर, आणि शहराच्या वस्तुसंग्रहालयाने या जागा दाखवणाऱ्या सहलीही काढल्या होत्या. या सगळ्या जागा सोडरमाल्म बेटावर, एकमेकींपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. दुसऱ्या भागात सलांडर फिस्कारगातानवर घर घेते आणि दारावर 'व्ही. कुल्ला' अशी पाटी लावते. इथले लहान मूलही ती पाटी वाचून हसेल, कारण आस्ट्रिड लिंडग्रेन यांच्या बालकथांतल्या पिप्पी या मुलीच्या घराचे नाव विला विलेकुल्ला आहे. आईबापाविना एकटी राहणारी, पोलिसांना उचलून बाजूला ठेवणारी, शाळेत न जाणारी पिप्पी मोठी झाली तर जग तिच्याशी कसे वागेल, हा लिस्बेथमागचा लार्सन यांचा मूळ विचार होता. ब्लूमक्विस्ट हे आडनावही लिंडग्रेन यांच्याच बालगुप्तहेराचे आहे. म्हणजे स्वीडिश वाचकाला हे पुस्तक आपल्याच बालपणाची काळी बाजू दाखवत होते.

या देशाने स्वतःला 'जनतेचे घर' म्हणवले. १९२८ साली पेर आल्बिन हान्सन यांनी संसदेतल्या भाषणात मांडलेली ही कल्पना पुढे कल्याणकारी राज्याचे नावच होऊन बसली. याच घराने १९३० च्या दशकापासून १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत सुमारे ६३ हजार लोकांची नसबंदी केली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या, आणि अनेकींची संमती केवळ कागदापुरती होती. १९९७ मध्ये वर्तमानपत्रातून हे प्रकरण नव्याने पुढे आले आणि १९९९ मध्ये नुकसानभरपाईचा कायदा झाला. या बायकांवर अन्याय करणारे कुणी गुंड नव्हते. ते डॉक्टर होते, समाजसेवा खात्याचे लोक होते, आणि त्यांच्याकडे व्यवस्थित भरलेले अर्ज होते. लार्सन यांचा डॉ. तेलेबोरियन हा मनोविकारतज्ज्ञ आणि लिस्बेथचा पालक नेमलेला ब्यूरमन हा वकील त्याच टेबलांमागे बसलेले आहेत. श्योवाल-वालो यांच्या कादंबऱ्यांत व्यवस्थेवर टीका आहे, पण ती पोलिसाच्या खुर्चीतून केलेली आहे. इथे व्यवस्थेची फाइल जिच्यावर उघडली गेली, तिच्या बाजूने गोष्ट सांगितली जाते. माझ्या मते फरक इथे पडला.

आणखी एक. लार्सन यांनी टीटी या वृत्तसंस्थेत दोन दशके आलेख आणि नकाशे काढण्याचे काम केले आणि १९९५ मध्ये इतरांसोबत 'एक्स्पो' हे वर्णद्वेष्ट्या संघटनांवर लक्ष ठेवणारे मासिक काढले. १९९९ साली अशा संघटनांबद्दल लिहिणाऱ्या एका पत्रकाराच्या गाडीत बॉम्ब फुटला आणि त्याच वर्षी कामगार चळवळीतल्या एका कार्यकर्त्याचा त्याच्या राहत्या इमारतीत गोळ्या घालून खून झाला. लार्सन यांना स्वतःला धमक्या येत असत. तपशिलाचा जो हव्यास आपल्याला खटकला तो अशा माणसाचा आहे ज्याला एक नोंद चुकली तर काय होते हे रोज दिसत होते.

तिन्हीसांज

धाग्याचा प्रश्न योग्य आहे, परंतु आत्तापर्यंत कुणी पुस्तकाचे मूळ नावच घेतलेले नाही. पहिल्या कादंबरीचे स्वीडिश नाव आहे 'बायकांचा द्वेष करणारे पुरुष'. तिच्या चारही भागांच्या आरंभी एकेक आकडा छापलेला आहे. स्वीडनमधल्या ४६ टक्के स्त्रियांनी पुरुषाकडून हिंसा सोसली आहे, असे एका पानावर आहे. लैंगिक अत्याचार झालेल्या ९२ टक्के स्त्रियांनी शेवटच्या घटनेची पोलिसांत तक्रार दिली नाही, असे दुसऱ्या पानावर. इंग्रजीत नाव बदलून 'ड्रॅगनचा टॅटू असलेली मुलगी' केले गेले. पुरुष नावातून निघून गेले आणि उरली ती एक 'मुलगी' आणि तिची कातडी. चोविशीतल्या बाईला मुलगी म्हणायचे आणि वाचकाची नजर तिच्या पाठीवर खिळवायची, या विक्रीकौशल्याचा हिशेबही या आठ कोटींत धरायला हवा. पुढे इंग्रजीत शीर्षकात मुलगी असलेल्या रहस्यकादंबऱ्यांची रांगच लागली.

ब्यूरमन लिस्बेथवर अत्याचार करतो तो त्याच्या घरातला प्रसंग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते. लेखक ज्या हिंसेचा धिक्कार करतो तीच तो इतक्या जवळून दाखवतो, की तिचा बाजार होतोय का, अशी शंका मला आली आणि ती अजूनही पूर्ण गेलेली नाही. हॉलिवूडचा चित्रपट फेब्रुवारी २०१२ मध्ये भारतात लागणार होता. सेन्सॉर बोर्डाने काटछाट सांगितली, दिग्दर्शक डेव्हिड फिंचर यांनी ती नाकारली आणि चित्रपट आपल्याकडे आलाच नाही. त्या वेळी मला बरे वाटले होते, हे प्रामाणिकपणे सांगते. नंतर लक्षात आले की जे प्रसंग अडचणीचे ठरले, त्यांच्याविना लिस्बेथचा राग कुठून आला हे प्रेक्षकाला कळणारच नव्हते.

मी दिवाणी वकिली करते, म्हणून मला पुन्हा पुस्तकाकडे खेचले ते वेगळ्याच गोष्टीने. आपल्या सातबाऱ्यावर अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, वारसाच्या नावाशी 'अ.पा.क.' अशी नोंद असते, म्हणजे अज्ञान पालनकर्ता अमुकतमुक. मूल सज्ञान झाले की अर्ज करून ती नोंद कमी करून घ्यावी लागते. कित्येक घरांत ती वर्षानुवर्षे तशीच राहते आणि तिशी उलटलेला माणूस कागदावर काकाच्या ताब्यात असतो. माझ्यासमोर अशी एक बाई बसली होती. दोन मुलांची आई, स्वतः नोकरी करणारी, आणि वडिलांच्या जमिनीच्या कागदावर अजून अज्ञान. तिने त्या तीन अक्षरांवर बोट ठेवले आणि ते बराच वेळ उचललेच नाही. लिस्बेथ सलांडर ही मला तीच बाई वाटते. देशातल्या उत्तम हॅकरांपैकी एक, कामावर जाणारी, पगार मिळवणारी, पण कायद्याने अक्षम ठरवल्यामुळे स्वतःच्या खात्यातून पैसे काढायला तिला पालकाची सही लागते. होल्गर पाल्मग्रेन पालक होते तोवर ती सही मागावी लागत नव्हती. त्यांना पक्षाघात झाला, ब्यूरमन आला, आणि सही हेच त्याचे हत्यार झाले.

धागाकर्त्यांनी संगणकाच्या जंत्रीचा उल्लेख केला आहे. ती जंत्री कोणत्या पानावर येते हे त्यांनी पुन्हा पाहावे, अशी विनंती आहे.

पानगळ

तिन्हीसांज, आपला प्रतिसाद वाचून काल रात्री ते प्रकरण पुन्हा उघडले. आपण म्हणता ते खरे आहे आणि माझ्या हे दोन्ही वाचनांत निसटले होते, याची मला चुटपुट लागली आहे.

लिस्बेथचा जुना संगणक वाहनतळावर एका गाडीखाली येऊन चिरडतो. ती नवा ठरवते, आणि तो कोणता हे गिगाहर्ट्झपर्यंत सांगितले जाते. तिच्याजवळ तेवढे पैसे हाताशी नाहीत. म्हणून ती ब्यूरमनकडे जाते, आणि तो तिच्यावर पहिल्यांदा हात टाकतो तो याच पैशांच्या बदल्यात. मी ज्या ओळीला रटाळ म्हणालो, ती तिच्या पोटापाण्याच्या हत्याराची ओळ आहे, आणि तिथूनच पुस्तकातली सर्वात भयंकर घटना सुरू होते. आपल्याला नेमके काय हवे हे शेवटच्या एमबीपर्यंत ठाऊक असलेल्या बाईला ते विकत घेण्याची परवानगी मागावी लागते. 'तिला चांगला संगणक हवा होता' एवढेच लिहिले असते, तर हे कळले नसते.

मग आयकियाच्या यादीकडेही वेगळ्या नजरेने पाहावे लागते. स्वतःच्या पैशाने, कुणाची सही न घेता, तिने मांडलेला हा पहिला संसार आहे. पलंग, टेबल, खुर्च्या, पातेली, चादरी. आपल्याकडे नव्या घरात गेलेली बाई भांडी घासूनपुसून फळीवर मांडते तेव्हा तिला प्रत्येक डब्याची जागा पाठ असते, तशी ही यादी आहे.

या मालिकेच्या खपाबद्दल माझे मत त्यामुळे बदलले आहे. सूड घेणाऱ्या नायिका पुष्कळ असतात. लिस्बेथचा सूड वेगळा आहे, कारण तो कागदाच्या भाषेत घेतलेला आहे. ब्यूरमनच्या अत्याचाराचे ती गुप्तपणे चित्रीकरण करते, त्याच्या अंगावर त्याचा गुन्हा गोंदते, आणि मग काय मागते? खात्याचा ताबा, आणि दर महिन्याला तिच्याबद्दल चांगला अहवाल. तो बलात्कारी माणूस टेबलाशी बसून ती सुधारत असल्याचे अहवाल लिहितो. कुठल्याही देशातल्या ज्या माणसाने आपल्याबद्दलची नोंद दुसऱ्याच्या हातात असल्याची लाचारी सोसली आहे, त्याला हे वाचताना काय वाटत असेल, हे समजायला स्वीडन पाहिलेले असायची गरज नाही.

ब्लूमक्विस्टच्या सँडविचांबद्दल आणि त्याच्या प्रेमप्रकरणांबद्दल माझे मत मात्र तेच आहे. तिथे कोणताही संगणक चिरडत नाही.

इंद्रायणीकाठ

मांडणी पटण्यासारखी आहे, पण एक अडचण राहते. लार्सन यांच्यानंतर डेव्हिड लागरक्रान्ट्झ यांनी २०१५, २०१७ आणि २०१९ मध्ये पुढचे तीन भाग लिहिले, आणि त्यानंतर कारिन स्मिर्नोफ यांनी मालिका पुढे नेली. तीही पुस्तके भरपूर विकली गेली. त्यांत पालक नाही, सहीही नाही. मग वाचक नक्की काय विकत घेत होता? मला वाटते, एका टप्प्यानंतर वाचक लिस्बेथचे नाव विकत घेत होता. शेरलॉक होम्सपासून हे चालत आले आहे.

सोडरमाल्मकर

त्या पुस्तकांचा खप पहिल्या तीन भागांच्या पुण्याईवर झाला, असे मी म्हणेन. चौथा भाग आला तेव्हा इथे त्यावरून बरेच वादंग झाले, आणि त्याचे कारण वारसाहक्क होते. लार्सन आणि एवा गाब्रिएल्सन ३२ वर्षे एकत्र राहिले, पण त्यांनी लग्न केले नाही. लग्नामुळे पत्ता जाहीर झाला असता आणि धमक्या देणाऱ्यांना तो सापडला असता, असे गाब्रिएल्सन यांनी सांगितले आहे. वैध मृत्युपत्र नव्हते. स्वीडिश कायद्यात मृत्युपत्राशिवाय सहजीवनातल्या जोडीदाराला वारसा मिळत नाही, त्यामुळे पुस्तकांचे सर्व हक्क वडिलांकडे आणि भावाकडे गेले, आणि मालिका पुढे लिहून घेण्याला गाब्रिएल्सन यांनी उघड विरोध केला तरी त्यांना काही करता आले नाही. मला हे फार लागते. बाईकडे योग्य कागद नसला तर काय होते, यावर ज्याने तीन कादंबऱ्या लिहिल्या, त्याच्याच घरात तो कागद नव्हता.

तिन्हीसांज

हे मला माहीत नव्हते. माझ्याकडे मृत्युपत्राचा विषय टाळणारी जोडपी येतात तेव्हा मी यापुढे हे उदाहरण देईन.

इंद्रायणीकाठ, आपण तिसऱ्या भागातल्या लांबणीबद्दल लिहिले आहे. गुप्त पोलिसांची प्रकरणे कमी चालली असती हे मान्य. पण न्यायालयाच्या प्रकरणांना हात लावू देणार नाही. अनिका जानिनी ही ब्लूमक्विस्टची बहीण, स्त्रियांवरील अत्याचारांचे खटले लढणारी. एवढ्या मोठ्या फौजदारी खटल्याचा तिला अनुभव नाही, आणि ती तेलेबोरियनला एकेक अहवाल दाखवत उलटतपासणी घेते. आवाज चढवत नाही. तारीख विचारते, मग त्याच तारखेचा दुसरा कागद पुढे करते. उलटतपासणी अशीच घ्यायची असते, हे मला माझ्या ज्येष्ठांनी पहिल्या वर्षी शिकवले होते, आणि कादंबरीत ते इतके नेमके क्वचितच वाचायला मिळते. शेवटी न्यायाधीश लिस्बेथला सांगतात की तिला अक्षम ठरवणारा आदेश रद्द झाला आहे आणि इतर कोणत्याही नागरिकाचे जे हक्क आणि जी कर्तव्ये, तीच आता तिची.

त्या जमिनीच्या प्रकरणात आम्हाला अ.पा.क.ची नोंद कमी करून घ्यायला सात महिने लागले. नवा उतारा हातात आल्यावर त्या बाईने तो घडी न घालता, सरळ धरून नेला.